पाहुण्या होडीसाठी धक्का

नदीकाठच्या गावाला स्वतःच्या होड्यांसाठी धक्का बांधावासा वाटणे स्वाभाविक आहे. मासे धरणारे, माल वाहणारे, पलतीरावर ज्यांची शेती आहे असे सगळे लोक गावातच राहतात, गावातच मत देतात आणि धक्का मोडला की गावातच आरडाओरड करतात. पण वाटेवरून जाणारी, एका रात्रीपुरती थांबणारी आणि पुन्हा कदाचित कधीच न येणारी होडी असते, तिच्यासाठी कोण खर्च करणार? तिच्या मालकाचे गावात मत नाही. तो गावाची घरपट्टी भरत नाही. धक्का नाही म्हणून तो पुढे निघून गेला, तर तो गेल्याचे गावाला कळतही नाही. कुठल्याही नगरपालिकेच्या अंदाजपत्रकात असा माणूस शेवटच्या रांगेत बसतो, आणि बहुतेक वेळा रांग त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही.

अमेरिकेच्या केंद्र सरकारने 1998 साली नेमक्या याच माणसासाठी कायद्यात तरतूद केली. क्रीडा-मासेमारी आणि नौकासुरक्षेच्या त्या कायद्यातून ‘बोटिंग इन्फ्रास्ट्रक्चर ग्रँट’ ही अनुदान योजना निघाली. वाटसरू होड्यांना बांधून ठेवण्याची आणि त्यांच्या माणसांना पाणी, वीज, इंधन, स्वच्छतागृह देण्याची सोय उभारण्यासाठी हा पैसा आहे. योजना चालवते ती ‘फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस’, म्हणजे मासे आणि वन्यजीव यांचे रक्षण करणारे केंद्रीय खाते. धक्के बांधण्याचा पैसा मासेवाल्या खात्याकडे कसा, याचे उत्तर पुढे येईलच. आधी एक धक्का पाहू.

केंटकी राज्यात ओहायो आणि टेनेसी या नद्यांच्या संगमावर पादुका नावाचे शहर वसलेले आहे. मराठी कानाला ते नाव ओळखीचे वाटेल, पण आपल्या पादुकांशी त्याचा काही संबंध नाही. शहर नदीवर जगलेले आहे आणि नदीने ते बुडवलेलेही आहे. 1937 च्या महापुरात ओहायोची पातळी 60 फुटांवर गेली आणि जवळपास सगळे शहर रिकामे करावे लागले. इथे 39 फुटांवर पूर आला असे मानतात, त्यावरून त्या पाण्याची कल्पना यावी. पुढे शहर आणि नदी यांच्यामध्ये उंच पूरभिंत उभी राहिली. आज त्या भिंतीवर शहराचा इतिहास चित्रांतून रंगवलेला आहे. भिंतीच्या अलीकडे गोधड्यांच्या कलेचे राष्ट्रीय संग्रहालय आहे, आणि नदीवर मालवाहू बार्ज चालवणाऱ्या अनेक कंपन्यांची कार्यालयेही आहेत. पाहण्याजोगे खूप, खाण्यापिण्याची चंगळ. पण अगदी अलीकडेपर्यंत नदीतून येणाऱ्या खासगी होडीला तिथे धड थांबता येत नव्हते.

आणि अशा होड्या येत होत्या, दर शरद ऋतूत. अमेरिकेत ‘ग्रेट लूप’ नावाची एक जलयात्रा आहे. पूर्व किनाऱ्याने वर जायचे, हडसन नदी आणि ईरी कालवा धरून पंचमहासरोवरांत शिरायचे, शिकागोहून इलिनॉय नदीत उतरून मिसिसिपीला लागायचे आणि दक्षिणेला मेक्सिकोच्या आखातात येऊन फ्लोरिडाला वळसा घालायचा. अंतर साधारण साडेनऊ हजार किलोमीटर. बहुतेकांना ही परिक्रमा पुरी करायला वर्षभर लागते. निवृत्त जोडपी यात मोठ्या संख्येने असतात. होडी हेच त्यांचे तेवढ्या काळापुरते घर. मिसिसिपीवर थेट खाली न्यू ऑर्लीन्सपर्यंत जाण्याऐवजी यातले बहुतेक जण कायरो गावाशी ओहायोत वळतात आणि प्रवाहाविरुद्ध चढून टेनेसी नदी गाठतात. कारण साधे आहे. खालच्या मिसिसिपीला ओढ जबर, बार्जांची वर्दळ प्रचंड, आणि शेकडो किलोमीटर इंधन मिळत नाही. ओहायोत वळल्यावर पहिले मोठे शहर लागते ते पादुका.

म्हणजे वाट शहराच्या दारावरूनच जात होती, फक्त दाराला उंबरठा नव्हता. 2017 साली तो झाला. केंद्राचे हे अनुदान राज्याच्या मत्स्य व वन्यजीव खात्यामार्फत आले आणि शहराच्या समोर 340 फूट लांबीचा तरंगता धक्का उभा राहिला. चाळीस फुटी होड्या एकामागे एक लावल्या तर एका ओळीत आठ मावतात. धक्क्यावर पेट्रोल आणि डिझेल मिळते, पाण्याचे नळ आहेत, विजेचे खांब आहेत, आणि हंगामात होडीतले सांडपाणी उपसून घेणारा पंपही असतो. नदी फार चढली की धक्का बंद ठेवतात.

तरंगता का? ज्या नदीची पातळी वर्षात कित्येक फूट वरखाली होते, तिथे पक्का दगडी धक्का होडीच्या कामाचा नाही. उन्हाळ्यात तो डोक्यावर राहील आणि पावसात पाण्याखाली. त्यामुळे धक्का पाण्यावर तरंगत ठेवायचा, त्याला वरखाली व्हायला वाव द्यायचा आणि काठापासून त्याच्यापर्यंत बिजागरीवर हलणारा पूल टाकायचा. पाणी खाली गेले की पूल घसरगुंडीसारखा उतरता होतो, चढले की सपाट. कोकणात भांगाच्या आणि उधाणाच्या भरतीत हाताखांद्याचा आधार घेत होडीत उतरलेल्या माणसाला या सोयीची किंमत सांगायला नको. ओहायोवर आणखी एक संकट असते. एकमेकांना बांधलेले पंधरा बार्ज, रुंदीत तीन आणि लांबीत पाच, एका ढकलनौकेपुढे चाललेले असतात. एक बार्ज 195 फूट लांब आणि 35 फूट रुंद. असा तांडा जवळून गेला की त्याच्या लाटा धक्क्यावर आदळतात, होड्या दाव्यांना हिसके देतात. अशा ठिकाणी धक्का टिकवायचा तर साखळ्या, खांब, लाटा मोडणारी बाहेरची चौकट, सगळ्याचा हिशेब आधी करावा लागतो, आणि तो हिशेब स्वस्तात होत नाही.

आता पैसा. ही हकीकत 1950 पासून सुरू होते. त्या वर्षी मिशिगनचे जॉन डिंगेल आणि कोलोरॅडोचे एडविन जॉन्सन यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. गळ, रीळ, काठी अशा मासेमारीच्या सामानावर दहा टक्के उत्पादनशुल्क होतेच. ते सरकारच्या सर्वसाधारण तिजोरीत न जिरवता माशांच्या संवर्धनासाठी राज्यांना वाटून द्यायचे, असे ठरले. तेरा वर्षांपूर्वी, 1937 मध्ये, बंदुका आणि काडतुसांवरच्या कराबाबत हाच प्रयोग झाला होता आणि तो पैसा वन्यप्राण्यांकडे वळवला होता. ज्याच्या छंदाने नदीवर भार पडतो त्याच्याच खिशातून नदीची दुरुस्ती, हे तत्त्व अमेरिकन शिकारी आणि मासेमार यांनी स्वतः मागून घेतले. करासाठी आग्रह धरणारे करदाते जगात फार नसतील, म्हणून हे मला विशेष मोलाचे वाटते.

1984 साली सिनेटर माल्कम वॉलॉप आणि लुइझियानाचे जॉन ब्रो यांच्या दुरुस्तीने या झऱ्याची नदी झाली. मोटरबोटी जे पेट्रोल जाळतात त्यावरही इतर वाहनांप्रमाणे केंद्राचा कर बसतो, दर गॅलनला 18.3 सेंट, आणि एरवी तो महामार्गांच्या निधीत जातो. बोट तर रस्त्यावर धावत नाही. मग तिच्या पेट्रोलचा कर रस्त्यांना का? बोटींनी किती इंधन जाळले असेल याचा अंदाज बांधून तेवढी रक्कम मासे आणि नौकाविहाराच्या निधीत वळती होऊ लागली. परदेशातून येणाऱ्या यॉट आणि मासेमारी सामानावरचे आयातशुल्कही त्यात आले. आज या निधीत सर्वात मोठा वाटा इंधनाचाच आहे. धक्क्यांचा पैसा मासेवाल्या खात्याकडे आला तो असा.

पण निधीत पैसा टाकणाऱ्यांमध्ये एक गट उपाशी राहिला होता. राज्यांना मिळणाऱ्या पैशाचा ठरावीक भाग नौकाविहाराच्या सोयींवर खर्च करणे बंधनकारक होते, आणि 1998 मध्ये तो 15 टक्के झाला. पण या रकमेतून मुख्यतः उतरते रॅम्प बांधले गेले. गाडीमागे ट्रेलरला जोडून आणलेली छोटी होडी रॅम्पवरून पाण्यात सोडायची, दिवसभर फिरायचे, संध्याकाळी परत ट्रेलरवर चढवून घरी न्यायची. पंचवीस-तीस फुटांपुढची होडी अशी नेता येत नाही. अमेरिकेत रस्त्यावर खास परवान्याशिवाय साडेआठ फुटांहून रुंद वाहन चालत नाही, आणि मोठी होडी त्याहून रुंद असते. ती कायम पाण्यात राहते, सर्वात जास्त इंधन जाळते, म्हणजे निधीत सर्वात जास्त भर घालते, आणि तिच्या वाट्याला मात्र रॅम्प! ही तक्रार रास्त होती. म्हणून 1998 च्या कायद्याने 26 फूट आणि त्याहून लांब अशा, सहज ओढून नेता न येणाऱ्या होड्यांसाठी वेगळी रक्कम राखून ठेवली.

रक्कम देशाच्या मानाने मोठी नाही. सबंध अमेरिकेसाठी वर्षाला एक-दोन कोटी डॉलरांच्या घरात. तिचे दोन भाग केले आहेत. पहिल्यात प्रत्येक राज्याला लहान कामांसाठी ठरावीक मर्यादेपर्यंत पैसे मिळतात; ही मर्यादा सुरुवातीला एक लाख डॉलर होती, पुढे वाढली. दुसरा भाग देशव्यापी स्पर्धेचा. त्यात एका कामाला पंधरा लाख डॉलरपर्यंत मिळू शकतात, आणि अर्ज करू शकते ते फक्त राज्य. शहराला किंवा खासगी मरीनाला, म्हणजे होड्या भाड्याने बांधून ठेवण्याच्या तळाला, पैसा हवा असेल तर त्याने आपल्या राज्याच्या खात्याला पटवायचे, मग राज्य वॉशिंग्टनला पटवणार. अर्जाला गुण मिळतात ते गरज किती, खर्चाच्या मानाने फायदा किती आणि कामात नवेपणा काय यावरून. जवळ पाहण्याजोगी ऐतिहासिक, सांस्कृतिक किंवा निसर्गरम्य ठिकाणे असतील तर त्याचेही वजन पडते. पादुकाच्या चित्रांच्या भिंतीला आणि गोधड्यांना इथे अनपेक्षित महत्त्व येते.

केंद्र जास्तीत जास्त 75 टक्के देते. उरलेले 25 टक्के राज्य, शहर किंवा मरीनाचा मालक उभे करतो. रोख जमले नाही तर साहित्य आणि श्रमही मोजून धरले जातात. इथपर्यंत ही योजना इतर अनुदानांसारखीच आहे. तिचा कणा आहे तो पुढच्या अटींमध्ये.

पहिली अट मुक्कामाची. पाहुणी होडी म्हणजे किती दिवसांची? मूळ नियमात दहा दिवस होते. 2015 च्या नव्या नियमावलीत ते पंधरा झाले. त्यापुढे राहिली तर ती पाहुणी नाही. अनुदानातून बांधलेली जागा एखाद्या स्थानिक मालकाला वर्षाच्या भाड्याने देऊन टाकणे म्हणजे नियमभंग. हा मोह केवढा असतो ते मरीना चालवणाऱ्याला विचारावे. वार्षिक भाडेकरू नियमित पैसे देतो, हिवाळ्यातही देतो. पाहुणा फक्त हंगामात येतो, आणि वादळ आले तर येतच नाही. नियम नसता तर दोन वर्षांत सगळ्या जागा स्थानिकांच्या झाल्या असत्या.

दुसरी अट वाटणीची. समजा, एखाद्या मरीनाला वीस जागांचा धक्का बांधायचा आहे. त्यातल्या बारा पाहुण्यांसाठी आणि आठ कायमच्या भाडेकरूंसाठी. मग सामाईक खर्चाचा 60 टक्केच भाग अनुदानाच्या हिशेबात धरला जातो, आणि त्याच्या 75 टक्के केंद्र देते. म्हणजे शंभर रुपयांच्या कामाला पंचेचाळीस रुपये. अर्ज करताना ‘सगळा धक्का पाहुण्यांचाच’ असे रंगवून चालत नाही, कारण कुठल्या जागा कोणाच्या हे कागदावर दाखवावे लागते.

याशिवाय धक्का सर्वांना खुला हवा, भाडे परिसरातल्या दराशी सुसंगत हवे, आणि ओहोटीला किंवा नदीच्या नीचतम पातळीलाही किमान सहा फूट पाणी हवे. कायम गाळ साठणाऱ्या जागी या अटीमुळे काम अडते, कारण गाळ काढण्यावर फार थोडा पैसा खर्चता येतो: एकूण खर्चाच्या दहा टक्के किंवा दोन लाख डॉलर, यांतले जे कमी असेल ते. आणि दरवर्षीचा गाळ उपसायला तर काहीच मिळत नाही. नियम करणाऱ्यांनी इथे शहाणपण दाखवले आहे असे माझे मत आहे. गाळ उपसण्याला अंत नसतो. त्याला दार उघडले असते तर सगळी योजना त्या चिखलातच रुतली असती.

धक्का बांधून झाल्यावर जबाबदारी संपत नाही. ठरलेले आयुष्य पुरे होईपर्यंत तो चालू ठेवावा लागतो, आणि त्या काळात त्याचा वापर पाहुण्यांसाठीच राहिला पाहिजे. मधेच मालकाने मरीना विकली, किंवा जागेवर हॉटेल काढायचे ठरवले, तरी केंद्राचा हक्क मागे लागतो. वीज, पगार, रोजची डागडुजी यांना अनुदान नाही. लहान गावांना खरी धडकी भरते ती या कलमाने. बांधायला चारातल्या तीन हिश्श्यांपर्यंत मदत, पण पुढची कित्येक वर्षे चालवायचे ते आपल्याच बळावर.

अशा धक्क्यावरच्या दोन गोष्टी जरा जवळून पाहण्यासारख्या आहेत, कारण बाहेरून त्या क्षुल्लक वाटतात.

एक म्हणजे सांडपाण्याचा पंप. होडीतल्या संडासाचे पाणी एका बंद टाकीत साठते. नद्यांत, तलावांत आणि किनाऱ्यापासून तीन मैलांच्या आत ते कच्चे सोडायला बंदी आहे. टाकी भरली की ती रिकामी कुठे करायची? 1992 च्या स्वच्छ नौका कायद्याने अशा पंपांसाठी वेगळा निधी काढला, आणि पाहुण्या धक्क्यांच्या अनुदानातही जवळपास ही सोय आधीच नसेल तर ती करणे बंधनकारक आहे. होडीच्या डेकवर एक झाकण असते. ते किल्लीने उघडायचे, पंपाच्या नळीचे तोंड त्यावर घट्ट बसवायचे आणि पंप सुरू करायचा. नळीच्या तोंडाशी काचेसारखा पारदर्शक तुकडा असतो. त्यातून वाहणारे पाणी गढूळ दिसते तोवर टाकी रिकामी होत असते. मग टाकीत स्वच्छ पाणी सोडून पुन्हा उपसायचे. दहा-पंधरा मिनिटांचे काम. स्वच्छ नौका निधीतून बसवलेल्या पंपांवर यासाठी खास मंजुरीशिवाय पाच डॉलरांहून अधिक घेता येत नाहीत, आणि ही कमाल रक्कम मुद्दाम कमी ठेवली आहे. सोय महाग झाली की रात्री अंधारात टाकी नदीतच मोकळी करणारे निघतात.

दुसरी गोष्ट वीज. धक्क्यावरच्या खांबातून होडीला 30 किंवा 50 अँपिअरची जोडणी मिळते. फ्रीज, दिवे, पंखे, बॅटरी सगळे त्यावर चालते. होडीतल्या तारा जुन्या असतील तर थोडी वीज पाण्यात गळते. खाऱ्या पाण्यात ती चटकन पसरून जाते. गोड्या पाण्यात मात्र माणसाचे शरीर पाण्यापेक्षा चांगला वाहक ठरते, म्हणून वीज पोहणाऱ्याच्या अंगातून वाट काढते. स्नायू आखडतात आणि चांगला पोहणाराही बुडतो. नद्या-तलावांवरच्या धक्क्यांपाशी पोहू नका अशा पाट्या यासाठीच असतात, आणि गळती होताच प्रवाह तोडणारी उपकरणे बसवण्याची सक्ती विद्युत नियमांत गेल्या दीड दशकात वाढत गेली आहे. अनुदानातून जुन्या धक्क्यांची वायरिंग बदलता येते. उद्‌घाटनाच्या फोटोत हे काम दिसत नाही, पण मला विचाराल तर खर्चाचा इतका चांगला उपयोग दुसरा नाही.

या योजनेवर एक आक्षेप पुन्हा पुन्हा घेतला जातो. चाळीस फुटी होडी बाळगणारा माणूस गरीब नसतो. सार्वजनिक पैशातून त्याची सोय का करायची? आक्षेप हलका नाही. त्याचे निम्मे उत्तर करात आहे: पैसा बव्हंशी त्याच्याच इंधनातून आलेला आहे. उरलेले निम्मे उत्तर धक्क्यावर उतरल्यावर कळते. होडीतून आलेली माणसे किराणा घेतात, कपडे धुतात, हॉटेलात जेवतात, होडीचा बिघाड दुरुस्त करून घेतात आणि गाव पाहायला दोन दिवस जादा राहतात. ज्या नदीकाठच्या गावांतले कारखाने गेले, त्यांना हे पैसे पुरून उरतील असे नाही. पण दुकानांना त्यांचा आधार होतो. तरीही काठावर बसून गळ टाकणाऱ्या माणसाच्या काठीवरचा करही याच निधीत पडतो, आणि यॉटच्या धक्क्यात त्याचा काही वाटा जातो, हे खरे आहे. त्याला त्याच धक्क्यावर बसून मासे धरू दिले पाहिजेत, असे मला ठामपणे वाटते. जिथे होड्यांना अडचण होत नाही तिथे तशी परवानगी सहज देता येईल.

आपल्याकडच्या वाचकाला पाहुण्या होडीची गरज काय असते ते एका सफरीवरून चांगले समजेल. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 2009 च्या ऑगस्टमध्ये मुंबईहून ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून एकटे पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले आणि 2010 च्या मेमध्ये परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधलेली ही होडी वाटेत चार ठिकाणी थांबली: ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटल्टन, फॉकलंडमध्ये पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेत केप टाऊन. आठवडे समुद्रात काढून आलेल्या एकट्या माणसाला तिथे लागणाऱ्या गोष्टी त्याच होत्या: होडी बिनघोर बांधून ठेवता येईल अशी जागा, गोडे पाणी, वीज, दुरुस्तीला माणूस. उलट बाजूने कुणी परदेशी शिडाची होडी मुंबईला आली, तर तिला गेटवेसमोर नांगर टाकून छोट्या होडीने ये-जा करावी लागते. कोचीत बोलगाट्टी बेटावर 2010 पासून मरीना आहे. पणजी आणि जुन्या गोव्यात मांडवीवर 2022 मध्ये काँक्रीटच्या तरंगत्या जेट्टी आल्या, म्हणजे तंत्र आपल्या किनाऱ्यावर पोहोचले आहे. पण त्या प्रवासी नौकांसाठी आहेत. वाटसरूसाठी राखून ठेवलेली जागा ही कल्पना मात्र अजून रुजायची आहे, आणि धर्मशाळा बांधणाऱ्या समाजाला ती परकी वाटण्याचे कारण नाही.

अमेरिकेतही सगळ्या वाटा भरल्या आहेत असे नाही. सेंट लुईसच्या खाली मिसिसिपीवर किम्सविक गावापाशी हॉपीज नावाची एक जुनी मरीना होती. बार्जांच्या सांगाड्यांना बांधून केलेली, एका कुटुंबाने पिढ्यान्‌पिढ्या चालवलेली. लूपवर निघालेला प्रत्येक जण तिथे टाकी भरून घेई, कारण पुढचे इंधन पादुकाला, दोनशेहून अधिक मैलांवर. अलीकडे ती बंद झाली. आता इलिनॉय राज्यातल्या ऑल्टनपासून पादुकापर्यंत सुमारे अडीचशे मैल एका टाकीवर काढावे लागतात, आणि पेट्रोलवर चालणाऱ्या लहान टाकीच्या होड्यांना डेकवर जादा डबे बांधून न्यावे लागतात. मधल्या काठावर गावे आहेत. पण त्या पट्ट्यात नदीची ओढ मोठी, पाणी वरखाली होणारे, बार्जांची रहदारी अखंड; तिथे धक्का टिकवणे महाग आहे. अनुदानाचा कायदा पैसे देऊ शकतो, अर्ज मात्र गावानेच राज्याकडे न्यावा लागतो, पंचवीस टक्के उभे करावे लागतात आणि धक्क्याचे आयुष्य संपेपर्यंत तो चालवायची हमी द्यावी लागते.